एकशे चौदा नंबरचं गिऱ्हाईक

ही गोष्ट एकोणीसशे सत्त्याण्णव सालची. औषधांच्या दुकानात कॉम्प्युटर असणं ही तेव्हा मिरवायची बाब होती. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की दुकानदार आधी कॉम्प्युटरवरची धूळ पुसायचा आणि मग चिठ्ठी हातात घ्यायचा.

चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांची कंपनी होती. कंपनी आपली म्हणायची. माणसं तीन, टेबलं चार, आणि चौथ्या टेबलावर आई पाकिटं चिकटवत बसायची. ताई सगळ्यांत मोठी, नुकतीच चाळिशी ओलांडलेली. अठरा वर्षं तिनं एका इस्पितळात औषधं द्यायच्या खिडकीत काढली होती. तिचा धाकटा भाऊ प्रोग्राम लिहायचा. घरीदारी सगळे त्याला धाकटाच म्हणत, त्यामुळे त्याचं खरं नाव बँकेखेरीज कुणाला आठवत नसे. तिसरा लंबू, धाकट्याचा शाळेपासूनचा मित्र. सव्वासहा फूट उंच. प्रत्येक दुकानात शिरताना चौकट लागू नये म्हणून तो वाकायचा आणि दुकानदाराला वाटायचं, काय अदबशीर माणूस आहे.

"आपली निम्मी विक्री याच्या वाकण्यावर होते," धाकटा म्हणायचा. "बाकीची निम्मी माझ्या प्रोग्रामवर."

"आणि मी काय इथे वारा घालते?" ताई विचारायची.

खरं म्हणजे प्रोग्रामात होतं ते सगळं ताईचंच होतं. दुकानदारानं चिठ्ठीवरचं औषध आणि रोग्याचं वय भरलं की बाटलीवर चिकटवायचं लेबल छापून बाहेर यायचं. कोणतं औषध, किती चमचे, दिवसातून किती वेळा. दोन औषधांचं एकमेकांशी जमत नसलं तर कॉम्प्युटर ओरडायचा. अठरा वर्षांत ताईच्या डोक्यात जे साठलं होतं ते तिनं एकेक करून सांगितलं आणि धाकट्यानं तसं लिहिलं.

पण त्यांचं नाव झालं ते पत्रामुळे. पहिल्याच वर्षी एका दुकानदारानं कळवलं, की खोकल्याच्या एका औषधाचं लेबल दुसऱ्याच नावानं छापलं जातंय. गिऱ्हाइकं तेव्हा तीस होती. ताईनं घसा बसेपर्यंत त्याच दिवशी तिसांना फोन केले.

"ताई, आपली चूक आपण होऊन सांगत सुटणारी आपली पहिलीच कंपनी असेल," लंबू म्हणाला होता.

"खिडकीत चुकीची बाटली गेली तर मी चप्पल न घालता रस्त्यापर्यंत धावत जायचे. इथून धावता येत नाही, म्हणून फोन."

दुकानं वाढली तशी फोनांची पत्रं झाली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एक पानाचं पत्र सगळ्या दुकानांत पोचायचं. वर मथळा, 'या महिन्यात आमचं काय चुकलं'. खाली चुका, एकामागून एक. कुठली सुधारली, कुठली अजून आहे, तोवर दुकानदारानं काय सांभाळायचं. आईला या प्रकाराची गंमत वाटायची. "लोक दुसऱ्याच्या चुका चव्हाट्यावर मांडतात, तुम्ही स्वतःच्या छापता. वर टपालाचं तिकीटही लावता." पण पाकिटं तीच चिकटवायची आणि एक पाकीट कधी वाकडं नसायचं. दुकानदार ते पत्र गल्ल्याशेजारी टाचून ठेवत. नवं आलं की जुनं खाली आणि नवं वर. चार वर्षांत अशी एकशे नव्वद दुकानं झाली.

त्या वर्षी जूनमध्ये फोन कमी झाले.

रोज चार वाजता तिघंही हातातलं काम टाकून तक्रारीचे फोन घेत असत, हा त्यांचा नेम होता. एरवी सहापर्यंत कुणाला पाणी प्यायला फुरसत मिळायची नाही. जूनमध्ये साडेपाचलाच शांत व्हायला लागलं. जुलैत पाचला. धाकटा खूश होता.

"प्रोग्राम सुधारला, ताई! तक्रारच उरली नाही. आता आपण गप्पा मारू."

ताईला ते पटेना. इस्पितळातली एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. कुरकुर करणारा रोगी बरा होऊन जातो. जो भिंतीकडे तोंड करून गप्प पडतो, त्याच्याकडे आधी बघावं लागतं. जो आपल्याकडे राहणार असतो तोच भांडतो. हे तिनं बोलून दाखवलं तेव्हा धाकट्यानं हात जोडले. "तक्रारी आल्या तर तुला काळजी, नाही आल्या तर दुप्पट काळजी. तुझ्यासाठी आता एखादी चूक मुद्दाम घालून देऊ का?"

त्याच आठवड्यात लंबू दौऱ्यावरून परतला. आला तो वाकला नाही. चौकट कपाळाला लागली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"मोठी कंपनी आली आहे," तो म्हणाला.

मोठी कंपनी म्हणजे कुठली, हे विचारायची गरज नव्हती. बँकांत, पोस्टात, वीजबिलाच्या खिडकीत तिचाच कॉम्प्युटर असायचा. आजवर तिनं औषधांच्या दुकानाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

"त्यांचा एक माणूस फिरतोय. करडा कोट. आवाज चढवत नाही. आपल्याला नावं ठेवत नाही. आपलं कौतुकच करतो म्हणे. फक्त एक फाईल उघडून समोर ठेवतो."

"कसली फाईल?"

"आपली पत्रं, ताई. पहिल्यापासूनची. ओळीन् ओळ हिरव्या शाईनं खुणा केलेली. दुकानदाराला म्हणतो, बघा, यांचं यांनीच लिहिलंय. चार वर्षांत दोनशे छत्तीस. मग म्हणतो, आमचं असं एकही पत्र तुम्हाला कधी येणार नाही."

आईचा हात डिंकाच्या बाटलीवर थांबला.

पत्रं कुठून मिळाली याचा शोध ताईनं लावला. एखाद्या दुकानदारानं दिली असती तर मधली दोनचार गहाळ असती. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी म्हणजे ती पाकिटातूनच गेली असणार. ती वही घेऊन बसली आणि प्रत्येक दुकानापुढे त्यानं आजवर किती तक्रारी केल्या ते लिहीत गेली. दहा, बावीस, सात, एकतीस. एकशे चौदा नंबरच्या दुकानापुढे तिला काहीच लिहिता येईना. ते गिऱ्हाईक दोन वर्षांपूर्वी आलेलं, आणि मागची सगळी पत्रं त्यांनी सुरुवातीलाच मागवून घेतली होती. दोन वर्षांत तिकडून एक फोन नव्हता.

"मी जाऊन येतो," लंबू म्हणाला.

"नको. मी जाते."

पत्ता गोदामांच्या रस्त्यावरचा निघाला. दुकान नव्हतंच. दुसऱ्या मजल्यावर एक दार, दाराला टपालाची फट, पाटी नाही. दार वाजवल्याबरोबर उघडलं, जणू आतला माणूस हात कडीवर ठेवूनच उभा होता.

खोली लख्ख होती. औषधाची एकही बाटली नव्हती. एका टेबलावर कॉम्प्युटर, पडद्यावर त्यांचाच प्रोग्राम. ताईला तो तिथे पाहून कसंतरी झालं. आपल्या मुलाला परक्याच्या घरात जेवताना बघावं तसं. शेजारी चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, सगळ्या एकाच हस्ताक्षरातल्या, खोट्या.

करड्या कोटानं खुर्ची पुढे केली. "बसा ना, मॅडम. मी ओळखलं तुम्हाला. म्हणजे, अक्षरावरून ओळखावं तसं. फार सरळ लिहिता तुम्ही."

"तुम्ही आमचे गिऱ्हाईक आहात?"

"अगदी नियमित. रोज वीस चिठ्ठ्या घालून बघतो. तुमचा प्रोग्राम माझ्याइतका कुणी वापरत नसेल." तो हसला. त्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं, आणि ताईला त्याचीच भीती वाटली. "तुम्ही लिहिता त्यातलं बरंचसं आम्हाला आधीच सापडलेलं असतं. पण तुम्ही लिहाल का, याची मला उत्सुकता असते. आजवर एकदाही चुकला नाहीत."

"मग आमच्याकडून शिकून आमच्याच पोटावर पाय देताय."

"पोटावर कशाला? तुमचा भाऊ हुशार आहे. त्याला आमच्याकडे केव्हाही जागा आहे." तो तिला दारापर्यंत सोडायला आला. "पुढचं पत्र पहिल्यालाच ना?"

जिना उतरताना ताईनं कठडा घट्ट धरला होता.

मग दिवस भराभर गेले. औषधवाल्यांच्या संघाची वार्षिक सभा ऑक्टोबरच्या चार तारखेला होती. सगळ्या दुकानांनी एकच प्रोग्राम घ्यावा, कोणता ते सभेत ठरवावं, असं संघानं काढलं होतं. संघानं यांना निवडलं तर चारशे दुकानं मिळणार होती. मोठ्या कंपनीला निवडलं तर आहेत ती एकशे नव्वदही जाणार होती. मधला रस्ता नव्हता. लंबू पायाला भिंगरी लावल्यासारखा फिरत होता. "निम्मे लोक अजून आपले आहेत, ताई. म्हणतात, त्यांचा कॉम्प्युटर फुकट असेल, पण तुमच्या ताईंचं पत्र येतं."

सप्टेंबरच्या पंचवीस तारखेला काकांचा फोन आला. काका म्हणजे सगळ्यांत जुने औषधवाले, सत्तरी उलटलेले, त्यांचं पहिल्या नंबरचं दुकान. लेबल छापून आलं तरी ते नाकाजवळ धरून वाचल्याशिवाय चिकटवत नसत.

"पोरी, दहा महिन्यांच्या बाळाची चिठ्ठी आली होती. तुझं यंत्र त्याला दहा वर्षांच्या मुलाचं औषध देतंय. मी तीनदा करून पाहिलं. नऊ महिन्यांपर्यंत ठीक आहे. दहा आणि अकराला महिने विसरतं आणि वर्षं धरतं."

"कुणाला दिलं नाहीत ना, काका?"

"मी कसा देईन? पण मी एकटाच आहे का? येत्या पत्रात घाल म्हणजे झालं."

धाकट्यानं तासाभरात चूक शोधली आणि दोन तासांत सुधारली. मग तो खुर्चीत मागे रेलला. "सुधारलेली फ्लॉपी उद्याच सगळ्यांना पाठवतो. पण पत्रात नाही, ताई. या महिन्यात पत्रच नको."

"नुसती फ्लॉपी ते खणात टाकतात. पत्र वाचतात तेव्हाच ती घालतात. तुला माहीत आहे."

"आणि पत्र पहिल्याला पोचलं की तिसऱ्याला तो हिरव्या शाईचा माणूस दुकानादुकानांतून 'तान्ह्या बाळाला दहा पट औषध' असं वाचून दाखवेल. चौथ्याला सभा. संपलो आपण."

"त्याला यादीतून काढू की," लंबू म्हणाला. "एकशे चौदाला पाठवायचंच नाही."

"पत्र एकशे नव्वद भिंतींवर लागणार आहे, शहाण्या."

"मग फोन करते," ताई म्हणाली. "पहिल्यांदा केले तसे."

"तीस होते तेव्हा. आता एकशे नव्वद. संध्याकाळपर्यंत त्याच्या कानावर जाईल." धाकटा तिच्याजवळ आला. एरवी थट्टेशिवाय न बोलणाऱ्या त्याचा आवाज बारीक झाला होता. "ताई, दहा किंवा अकरा महिन्यांचंच मूल. त्यात डॉक्टरनं चमचे लिहिले नाहीत अशी चिठ्ठी. त्यात दुकानदारानं लेबल न वाचता चिकटवलेलं. दहा दिवसांत असं किती वेळा जुळून येईल? पाच तारखेला तूच लिही. मोठ्या अक्षरांत लिही. मी अडवणार नाही."

ताई खिडकीशी उभी राहिली. खाली चष्मेवाला काच पुसत होता. चार वर्षांचं काम, आईचे डिंकानं खरखरीत झालेले हात, धाकट्यानं सोडलेली नोकरी, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि रस्त्यापर्यंत धावत गेलेली आपण, तीही दिसली. पण त्या वेळी मागे कुणी नव्हतं, फक्त खिडकी होती.

"पाच तारखेला," ती म्हणाली.

फ्लॉप्या गेल्या. सोबत एका ओळीची चिठ्ठी, 'नेहमीची सुधारणा'. एक तारीख आली आणि पत्राशिवाय गेली. आईनं तीन दिवस आधी, नेहमीच्या वेळी, डिंकाची बाटली काढली होती आणि कुणी काही देत नाही असं बघून परत ठेवली होती. तिनं का म्हणून विचारलं नाही. एक तारखेला चार वाजता एकही फोन वाजला नाही.

संघाची सभा एका शाळेच्या सभागृहात होती. अडीचशे औषधवाले. करडा कोट पहिल्या रांगेत बसून होता. त्यानं आपल्या प्रोग्रामबद्दल दहा मिनिटं सांगितलं, यांच्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही आणि खाली बसला. मग धाकटा बोलला, बरं बोलला, लोक दोनदा हसलेही. अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय का?

मागून एक तरुण बाई उठली. दूरच्या एका लहान गावात तिचं दुकान होतं, त्यांचं एकशे सत्तर नंबरचं. नवऱ्यामागं ती एकटीच चालवायची. ताईनं तिला फोनवरच ओळखलेलं, महिन्याला पाचसहा तक्रारी हक्कानं करणारी.

"मला तक्रार नाही करायची," ती म्हणाली. "मला ताईंना विचारायचंय. दोन तारखेला माझ्याकडून एका बाळाचं लेबल गेलं. दहा महिन्यांचं बाळ. चमचे जास्त वाटले मला. मी थांबले. पत्र बघू म्हटलं, यंत्राचं काही चुकत असेल तर पत्रात असतंच. भिंतीवर मागच्या महिन्याचंच होतं, त्यात काही नव्हतं. या महिन्याचं आलं नव्हतं. फ्लॉपी आली होती, पण नेहमीची सुधारणा म्हणून ती खणातच होती. म्हटलं, चूक नसेल म्हणूनच पत्र नसेल. माझंच काहीतरी चुकतंय. दिलं मी." तिनं ओठ चावले. "दोन चमच्यांनंतर बाळ उठेना. इस्पितळात नेलं. काल दुपारी डोळे उघडले त्यानं. आता दूध पितंय. ताई, माझं काय चुकलं ते एकदा सांगा, म्हणजे पुन्हा होणार नाही."

धाकट्यानं ताईच्या मनगटावर हात ठेवला. तिसऱ्या रांगेतून काका वळून तिच्याकडे बघत होते. ते काही बोलणार नव्हते, हे तिला कळत होतं.

ताईनं धाकट्याचा हात बाजूला केला आणि उभी राहिली.

"बाई, तुमचं काही चुकलं नाही. यंत्र चुकलं. आणि मला ते माहीत होतं."

"कधीपासून?" अध्यक्षांनी विचारलं.

"पंचवीस तारखेपासून."

मागची बाई ताईकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. तिला ते समजतच नव्हतं. "पण मग पत्र?" ती म्हणाली.

आजच्या सभेसाठी, असं म्हणायला ताईनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

मतदान झालंच नाही. त्याची गरज उरली नाही. लोक खुर्च्या सरकवून उठले, कुणी तिला बोललं नाही, कुणी तिला टाळलंही नाही. वाट देऊन बाजूनं गेले. बाहेरच्या पडवीत करडा कोट फाईल काखेत धरून उभा होता.

"मॅडम, तुमची ही चूक आम्हाला मार्चमध्येच सापडली होती," तो हलक्या आवाजात म्हणाला. "दर महिन्याला मला वाटायचं, या पत्रात येईल."

"मार्चमध्ये," ताई म्हणाली. "सहा महिने. आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"आमची पद्धत नाही ती," तो म्हणाला आणि तिला आधी जाता यावं म्हणून त्यानं दार धरून ठेवलं.

पाच तारखेला ताईनं पत्र लिहिलं. शेवटचं. त्यात दोनच नोंदी होत्या, एक यंत्राची, एक तिची स्वतःची. पाकिटं आईनं चिकटवली. एकशे चौदा नंबरलाही एक गेलं.

जानेवारीपर्यंत सगळी दुकानं गेली. खोल्या सोडल्या. मोठ्या कंपनीचा प्रोग्राम पुढे पंधरा वर्षं चालला. त्यात काय चुकत होतं, हे कुणालाच कळलं नाही.

लंबूनं पाण्याचे पंप विकायला घेतले आणि त्यात त्याचं बरं चाललं. त्याच्या मुलीच्या लग्नात तो ताईला भेटला तेव्हा केस पांढरे झाले होते, पण दारात वाकायची सवय तशीच होती. धाकटा दोन वर्षं घरी बसला आणि मग मोठ्या कंपनीत गेला. हे त्यानं ताईला सांगितलं नाही, आईनं सांगितलं. बहीणभाऊ चार वर्षं बोलले नाहीत. आईच्या आजारपणात बोलायला लागले, ते औषधांबद्दल, डॉक्टरांबद्दल, सगळ्याबद्दल बोलले, त्या दहा दिवसांबद्दल सोडून. आई त्याच आजारात गेली. करडा कोट बढतीवर बढती घेत मोठ्या शहरात गेला. पुढे बसवाल्यांसाठी, मग वाचनालयांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या लहान कंपन्यांकडे त्याला बघितल्याचं कानावर यायचं. काकांनी मोठ्या कंपनीचा कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर झाकण घालून ठेवलं. शेवटपर्यंत ते लेबलं हातानं लिहायचे. ताईला त्यांनी पुन्हा कधी 'पोरी' म्हटलं नाही. भेटली की 'बाई' म्हणत.

लहान गावातल्या त्या बाईनं दुकान विकून टाकलं. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

ताई परत इस्पितळाच्या खिडकीत गेली, निवृत्तीपर्यंत तिथेच राहिली. ते बाळ कसं आहे, हे विचारायला ती एकदा त्या गावापर्यंत गेली होती. घर दाखवलं कुणीतरी. अंगणात तीनेक वर्षांचा मुलगा मातीत काडीनं रेघा ओढत होता. ताईनं त्याला हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही. दुसऱ्यांदा, मोठ्यानं मारली, तेव्हा त्यानं सावकाश मान वर केली. तो नुसता रेघांत गुंगलेला होता की आणखी काही, हे ती फाटकाशी उभी राहून कितीतरी वेळ बघत राहिली. आतून त्याची आई येताना दिसली, तेव्हा ती काही न विचारताच परत फिरली.